२२,६१,५३,९८० : मोठी संख्या उलगडायला शिकताना

कोरी वही घ्या आणि पहिल्या पानावर ही संख्या ठळक लिहा:

२२,६१,५३,९८०

बावीस कोटी एकसष्ट लाख त्रेपन्न हजार नऊशे ऐंशी. ही मी डोळे मिटून निवडलेली नाही. तिचं आमच्या खानदेशाशी, त्यातही चाळीसगाव तालुक्याशी जुनं नातं आहे. ते पुढे सांगतोच, पण आधी तिला अनोळखी पाहुण्यासारखंच हाताळू. समोर आलेल्या मोठ्या संख्येची माहिती बहुतेक वेळा नसतेच, म्हणून नवख्याने सुरुवात तिथूनच करावी.

लागेल ते एवढंच: पेन, वही आणि शाळेतला भागाकार. खिशातल्या साध्या कॅल्क्युलेटरवर बहुधा आठच अंक मावतात, ही संख्या नऊ अंकी आहे. मोबाइलवर ती मावते. तरी पहिले दोन टप्पे हातानेच करा, कारण संख्येची ओळख हातानेच होते.

स्वल्पविराम पुसा

कोटी, लाख, हजार असे स्वल्पविराम वाचण्यासाठी उत्तम. पण आपल्याला एक कसोटी लावायची आहे, तिला उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट लागतात:

२२६ | १५३ | ९८०

रविवारी माझ्याकडे सहावी ते नववीची मुलं येतात. त्यांच्यापैकी निम्म्यांची पहिली चूक इथेच होते, म्हणून हे आधी सांगितलं. चूक किती महागात पडते तेही थोड्या वेळात दाखवतो.

लहान कसोट्या

शेवटचे दोन अंक ८०. ८० ला ४ ने भाग जातो, म्हणून संख्येलाही जातो. शेवटचे तीन अंक ९८०, त्यांना ८ ने भाग जात नाही. म्हणजे २ हा अवयव नेमका दोनदा आहे.

शेवटी शून्य, म्हणून ५ ने भाग जातो. शेवटच्या ८० ला २५ ने भाग जात नाही, म्हणून ५ एकदाच.

अंकांची बेरीज करा: २+२+६+१+५+३+९+८+० = ३६. तिला ९ ने भाग जातो, म्हणून संख्येलाही ९ ने जातो. २७ ने जातो का? त्यासाठी अंकांची बेरीज उपयोगाची नाही. आधी ९ ने भागा, २,५१,२८,२२० येतात. त्यांच्या अंकांची बेरीज २२, तिला ३ ने भाग जात नाही. म्हणजे ३ हा अवयवही नेमका दोनदा.

आता ती तीन गटांची कसोटी. ७, ११ आणि १३ यांचा गुणाकार १००१. हजार हे १००१ पेक्षा फक्त एकने कमी, म्हणून तीन-तीन अंकांचे गट उजवीकडून एक आड एक अधिक आणि वजा करत गेलं, तर ७, ११ आणि १३ या तिघांची परीक्षा एकाच फटक्यात होते:

९८० − १५३ + २२६ = १०५३

१०५३ ला ७ ने भागल्यास बाकी ३, ११ ने भागल्यास बाकी ८, आणि १३ ने भागल्यास पूर्ण भाग: १३ × ८१. तेव्हा १३ हा अवयव मिळाला, ७ आणि ११ बाद झाले.

आता ती चूक. स्वल्पविराम तसेच ठेवून कुणी ९८० − ५३ + ६१ − २२ असं केलं, तर ९६६ येतात. ९६६ म्हणजे ७ × १३८. १३ ने मात्र भाग जात नाही. म्हणजे जो अवयव नाही तो 'आहे' आणि जो आहे तो 'नाही' असं अगदी उलटं उत्तर मिळतं. गणित बरोबर, मांडणी चुकीची.

मर्यादा उतरवत जा

मिळालेले अवयव एकेक करून काढून टाका:

२२,६१,५३,९८० ÷ ४ = ५,६५,३८,४९५
÷ ९ = ६२,८२,०५५
÷ ५ = १२,५६,४११
÷ १३ = ९६,६४७

नवख्यांना वाटतं की मोठ्या संख्येत शेकडो मूळ संख्या तपासाव्या लागतील. नियम असा की एखाद्या संख्येला तिच्या वर्गमुळाइतक्या किंवा त्याहून लहान अशा एकाही मूळ संख्येने भाग गेला नाही, तर ती स्वतःच मूळ संख्या. आपल्या मूळच्या संख्येचं वर्गमूळ १५,०३८ च्या जरा पुढे आहे, तिथवर तपासायचं म्हटलं तर महिना जाईल. पण आता आपल्या हातात उरले फक्त ९६,६४७, आणि त्यांचं वर्गमूळ ३१० च्या जरा पुढे. अवयव सापडला की लगेच भागून टाकण्याचा फायदा हाच. मुलं भागतात, अवयव टिपतात आणि पुन्हा मूळच्या संख्येकडेच वळतात. तसं करू नका.

इथून पुढे चिकाटी लागते. ७ आणि ११ आधीच बाद, १३ पुन्हा लावला तर बाकी ५. मग १७ पासून निघा. १७ ला बाकी २. १९ ला १३. २३ ला बाकी फक्त १, थोडक्यात हुकलं. २९ ला १९, ३१ ला २०. असं करत ६१ येतो, बाकी २३. पुढे ११३ ला बाकी ३२. आणि १७ पासून मोजलं तर पंचविसाव्या मूळ संख्येला, १२७ ला, भाग जातो:

९६,६४७ = १२७ × ७६१

७६१ चं वर्गमूळ २७ च्या पुढे आणि २८ च्या आत. २३ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या आपण आधीच तपासल्या आहेत, त्यामुळे ७६१ मूळ आहे हे नव्याने काही न करता सिद्ध झालं. संपूर्ण फोड:

२२,६१,५३,९८० = २² × ३² × ५ × १३ × १२७ × ७६१

हे पंचवीस भागाकार एकदा तरी हाताने करून बघा. पुढे जे येणार आहे त्याची किंमत त्याशिवाय कळणार नाही.

फोडीतून काय काय मिळतं

रावेर-यावलकडे केळीचे ढीग लागलेले तुम्ही पाहिले असतील. समजा, २२ कोटी ६१ लाख ५३ हजार ९८० केळी आहेत आणि त्यांचे सारखे वाटे करायचे आहेत, एकही केळं उरू द्यायचं नाही. वाटे किती प्रकारे करता येतील? म्हणजेच संख्येला एकूण विभाजक किती? फोड समोर असली की मोजावं लागत नाही. विभाजकात २ हा अवयव घ्यायचाच नाही, एकदा घ्यायचा किंवा दोनदा घ्यायचा, असे तीन मार्ग. ३ चेही तीन. ५, १३, १२७ आणि ७६१ यांचे प्रत्येकी दोन, घ्या किंवा सोडा. म्हणून ३ × ३ × २ × २ × २ × २ = १४४ विभाजक.

विभाजकांची बेरीजही अशीच गटागटाने निघते:

(१+२+४) × (१+३+९) × (१+५) × (१+१३) × (१+१२७) × (१+७६१)
= ७ × १३ × ६ × १४ × १२८ × ७६२ = ७४,५५,६५,१८४

त्यातून संख्या स्वतः वजा केली तर ५१,९४,११,२०४ उरतात. हे आपल्या मूळच्या संख्येच्या दुपटीहूनही अधिक. स्वतःला वगळून बाकी विभाजकांची बेरीज स्वतःपेक्षा जास्त भरली, तर अशा संख्येला विपुल संख्या म्हणतात. आपली संख्या चांगलीच विपुल आहे.

तिसरी गोष्ट: १ पासून या संख्येपर्यंत तिच्याशी सहमूळ असलेल्या, म्हणजे तिच्याशी १ सोडून एकही सामाईक विभाजक नसलेल्या, संख्या किती? ऑयलरची रीत प्रत्येक मूळ अवयवाला एक गुणक देते: २ × ६ × ४ × १२ × १२६ × ७६० = ५,५१,५७,७६०. म्हणजे साधारण चारात एक.

आणि एक गोष्ट मला मनापासून आवडते. अंकांची बेरीज ३६ होती आणि ३६ ने या संख्येला नि:शेष भाग जातो, ६२,८२,०५५ वेळा. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने जिला भाग जातो, अशा संख्येला दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी 'हर्षद' नाव दिलं, हर्ष देणारी. कापरेकर देवळालीला शाळेत शिक्षक होते. भुसावळहून मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की जळगाव, चाळीसगाव, मनमाड, नाशिक रोड आणि मग देवळाली. याच लोहमार्गावरच्या गावात राहून एका शाळामास्तराने संख्यांना नावं दिली आणि जगाने ती घेतली.

आता तिचं गाव विचारा

आमच्याकडे पाहुणा ओट्यावर टेकला की पाण्याचा तांब्या देता देता पहिला प्रश्न येतो, "तुमनं गाव कोनतं शे?" गाव कळलं की नातं लागतं, नातं लागलं की अर्धी ओळख झालेलीच असते. संख्येलाही हा प्रश्न विचारावा, असं मी नवख्यांना कळकळीने सांगतो. ही संख्या आली कुठून? कुठल्या प्रश्नाचं उत्तर म्हणून?

ही आली भास्कराचार्यांच्या एका उदाहरणातून. ते त्यांच्या 'बीजगणित' ग्रंथात आहे, काळ इ.स. ११५० च्या सुमाराचा. प्रश्न असा: अशी संख्या शोधा की तिच्या वर्गाला ६१ ने गुणून त्यात १ मिळवला तर पुन्हा पूर्ण वर्गच मिळेल. जुन्या परिभाषेत अशा प्रश्नाला वर्गप्रकृती म्हणतात. ६१ ही प्रकृती, मिळवायचा १ हा क्षेप, शोधायची संख्या ती कनिष्ठ आणि शेवटी मिळणाऱ्या वर्गाचं मूळ ते ज्येष्ठ.

६० साठी उत्तर किती सोपं आहे बघा: कनिष्ठ ४, ज्येष्ठ ३१. ६२ साठी कनिष्ठ ८, ज्येष्ठ ६३. दोघांच्या मध्ये बसलेल्या ६१ चं सर्वांत लहान उत्तर मात्र असं:

कनिष्ठ २२,६१,५३,९८०
ज्येष्ठ १,७६,६३,१९,०४९

आपली संख्या ती हीच. १६५७ साली फर्मा या गणितज्ञाने फ्रान्समधून पत्राने हाच ६१ चा प्रश्न घातला, तेव्हा त्याचं उत्तर भारतात पाचशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेलं होतं.

भास्कराचार्यांचं जन्मगाव नेमकं कोणतं, यावर विद्वानांत वाद आहेत. पण त्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी चाळीसगावजवळच्या पाटणला मठ काढला, हे तिथल्या तेराव्या शतकाच्या सुरुवातीच्या शिलालेखातच कोरलेलं आहे. त्या लेखाचा काही भाग जुन्या मराठीत आहे. सातमाळ्याच्या पायथ्याशी पाटणादेवीला नवरात्रात माणसांची रीघ लागते. जाल तेव्हा आठवण ठेवा, या झाडीत कधीकाळी मुलं बसून अशीच गणितं घोकत होती.

कूळ मांडून बघा

असे वर्गप्रकृतीचे प्रश्न सोडवायच्या जुन्या रीतीला चक्रवाल म्हणतात. तिची सुरुवात अगदी घरगुती आहे. ६१ च्या जवळचा वर्ग ६४, म्हणजे ८ चा. कनिष्ठ १, ज्येष्ठ ८, क्षेप ३. आता अशी संख्या निवडायची की ती ८ मध्ये मिळवल्यावर बेरजेला ३ ने भाग जावा, आणि तिचा वर्गही ६१ च्या जवळचा असावा. ७ चालतो: ८ + ७ = १५, भागिले ३, नवा कनिष्ठ ५. नवा ज्येष्ठ (८×७ + ६१×१) ÷ ३ = ३९. नवा क्षेप (४९ − ६१) ÷ ३ = −४. पडताळा घ्या: ३९² = १५२१ आणि ६१ × ५² = १५२५. फरक चारचा, बरोबर.

हे ३९ आणि ५ म्हणजे आपल्या संख्येचे पूर्वज. क्षेप −४ आला की सगळं निम्मं करायचं: ज्येष्ठ ३९/२, कनिष्ठ ५/२, क्षेप −१. अपूर्णांकाला घाबरू नका, दोन पावलांत तो जातो.

पुढचं हत्यार भास्कराचार्यांच्या आधीच्या गणिती ब्रह्मगुप्ताचं, 'भावना'. दोन जोड्या घ्या. ज्येष्ठांच्या गुणाकारात ६१ पट कनिष्ठांचा गुणाकार मिळवला की नवा ज्येष्ठ. एकीचा ज्येष्ठ आणि दुसरीचा कनिष्ठ असे तिरपे दोन गुणाकार करून बेरीज घेतली की नवा कनिष्ठ, याला वज्राभ्यास म्हणतात. क्षेपांचा गुणाकार हा नवा क्षेप. वहीत तिरप्या रेघा ओढून करा, चुकत नाही.

त्या जोडीची तिच्याशीच भावना केली:
ज्येष्ठ १५२३/२, कनिष्ठ १९५/२, क्षेप १

हिची पुन्हा पहिल्या जोडीशी:
ज्येष्ठ २९,७१८, कनिष्ठ ३,८०५, क्षेप −१

अपूर्णांक गेले. या जोडीची तिच्याशीच भावना केली की क्षेप १ होतो आणि कनिष्ठ येतो २ × २९,७१८ × ३,८०५, म्हणजे २२,६१,५३,९८०.

थांबा आणि शेवटच्या ओळीकडे पुन्हा बघा. नऊ अंकी संख्या आपोआप दोन लहान संख्यांत फुटली. २९,७१८ = २ × ३² × १३ × १२७ आणि ३,८०५ = ५ × ७६१. दोन्ही फोडी वहीच्या अर्ध्या पानात होतात. मघाचे पंचवीस भागाकार कुठे आणि हे कुठे!

याहून सुंदर वाट १५२३ वरून जाते. ज्येष्ठ १५२३/२ ही जोडी तीनदा घेऊन भावना केली तरी आपण त्याच जागी पोचतो, आणि हिशेब असा बसतो:

कनिष्ठ = १९५ × (१५२३² − १) ÷ २
ज्येष्ठ = १५२३ × (१५२३² − ३) ÷ २

पहिल्या ओळीत १५२३² − १ म्हणजे १५२२ × १५२४. १५२३ चे दोन्ही शेजारी. १५२२ = २ × ७६१. १५२४ = १२ × १२७. ज्या ७६१ आणि १२७ साठी आपण दमलो, ते १५२३ च्या डाव्या-उजव्या ओट्यावरच बसलेले होते. आणि १९५ म्हणजे पूर्वजांचाच गुणाकार, ३९ × ५. त्यातून १३ आले, ५ आले, एक ३ आला. दुसरा ३ आणि दोन्ही २ हे १२ मधून. फोडीतला एकही अवयव परका नाही.

हे पहिल्यांदा कागदावर उतरलं तेव्हा मी ते पान फाडून भिंतीवर लावलं. ते अजून तिथे आहे.

भावंडाचीही ओळख

आता ज्येष्ठ. दुसऱ्या ओळीत कंसाचं निम्मं ११,५९,७६३ येतं. (पहिल्या ओळीत तेच ११,५९,७६४ येतं, लागून पुढची संख्या.) त्याच्या अंकांची एक आड एक अधिक-वजा बेरीज घ्या: ३ − ६ + ७ − ९ + ५ − १ + १ = ०. म्हणून ११ ने भाग जातो, उरतात १,०५,४३३, म्हणजे ५९ × १७८७. तेव्हा

१,७६,६३,१९,०४९ = ११ × ५९ × १५२३ × १७८७

चारही मूळ, विभाजक फक्त १६. कनिष्ठाच्या घरात १४४ आणि ज्येष्ठाच्या घरात १६. दोघांत एकही अवयव सामाईक नाही, आणि तो असूच शकत नाही: सामाईक अवयवाने ज्येष्ठाच्या वर्गाला भाग जातो, ६१ पट कनिष्ठाच्या वर्गालाही जातो, मग त्यांच्या फरकालाही जायला हवा. फरक तर १ आहे.

पडताळा

पूर्ण पडताळ्याला १९ अंकी वर्ग लागतो. एक्सेलवर भरवसा ठेवू नका, ते पंधरा अंकांपुढे शून्यं भरतं. हाताने पूर्ण गुणाकार करायचा धीर असेल तर उत्तमच. नाहीतर आधी दोन जलद पडताळे घ्या. ९ ने: कनिष्ठाला भाग जातो, म्हणून ६१ पट वर्ग अधिक १ यांची बाकी १. ज्येष्ठाच्या अंकांची बेरीज ४६, बाकी १, तिचा वर्गही १. जुळलं. ११ ने: कनिष्ठाची बाकी मघाशी ८ आली होती. ८ चा वर्ग ६४, बाकी ९. ६१ ची बाकी ६. ६ × ९ + १ = ५५, पूर्ण भाग. ज्येष्ठात ११ आहेच. हेही जुळलं. एवढ्याने सगळं सिद्ध होत नाही, पण लिहिताना एखादा अंक चुकला असेल तर बहुतेक इथेच सापडतो.

स्वतः करून बघायला

६१ च्या जागी ६७ घ्या. कनिष्ठ ५,९६७ आणि ज्येष्ठ ४८,८४२. आधी ५,९६७ ची फोड हाताने करा, आकडा छोटा आहे, पाच मिनिटांचं काम. मग ज्येष्ठातून १ वजा करून वर्गमूळ काढा. जी संख्या येईल तिने कनिष्ठाला भागा. तुमच्या हातात दोन संख्या राहतील, २२१ आणि २७. त्यांचा क्षेप किती ते शोधा: २२१ चा वर्ग आणि ६७ पट २७ चा वर्ग, दोन्ही शेजारी लिहा आणि वजाबाकी करा.